मुलीला अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळण्याचा पगार मिळेल का?

आधी प्रश्न सांगते. पुण्यातल्या एका वडिलांची मुलगी बारावीत आहे. टेनिस खेळते, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) ज्युनियर स्पर्धा झाल्यात, महिलांच्या दोन-तीन स्पर्धांत थोडं बक्षीसही मिळालंय. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांकडून बोलावणं आहे. एक मोठं, अमेरिकन फुटबॉलमुळे टीव्हीवर दिसणारं, ते ६० टक्के स्कॉलरशिप देतंय. दुसरं लहान, नातेवाइकांपैकी कोणी नावही ऐकलेलं नाही, पण ते पूर्ण खर्च उचलायला तयार आहे. प्लेसमेंट करून देणारे गृहस्थ म्हणतात, "मोठंच घ्या. तिकडे आता खेळाडूंना पगार सुरू झालाय. एकेका कॉलेजला दोन कोटी डॉलर वाटायची परवानगी आहे. उरलेले ४० टक्के मुलगी स्वतः कमावेल." वडील विचारतात, हे खरं का? आणि यावर कायदा येतोय म्हणतात, तो आला तर सगळं बंद पडेल का?

मी मूळची सांगलीची. गेली सतरा वर्षं अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात 'कंप्लायन्स'चं काम करते. खेळाडूने कोणाकडून काय घेतलं, कोचने कोणाला किती वेळा फोन केला, सरावाचे तास किती झाले, याची राखण. त्यामुळे माझं उत्तर खुर्चीच्या या बाजूने आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

दोन कोटींचा आकडा खरा आहे. २०२५-२६ साठी तो सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरला. तुमच्या गृहस्थांनी खोटं काही सांगितलेलं नाही. पंगतीत ते कोणाच्या ताटात पडतं, तेवढं सांगायचं राहून गेलं.

पगाराची गोष्ट बाजूला ठेवली तर तुमच्यापुढे प्रश्न एकच उरतो: चार वर्षांचे ते ४० टक्के कोण भरणार? याचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: विद्यापीठ कोणत्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या कोणत्या गटात आहे, पैसे द्यायची वाट मोकळी करणाऱ्या कोर्टातल्या नव्या तडजोडीत (ती पुढे सांगते) सामील झालंय की बाहेर राहिलंय, मुलगी संघात पहिल्या क्रमांकावर खेळणार की आठव्या. एक गोष्ट मात्र कशावरच अवलंबून नाही. ती म्हणजे व्हिसा. त्याकडे नंतर येते.

हे सगळं इथवर कसं आलं, ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर कायद्याचा गोंधळ कळणार नाही. कॉलेजातल्या खेळांवर राज्य करणारी संस्था म्हणजे एनसीएए. १९०५ च्या हंगामात फुटबॉल खेळताना मुलं मेली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कॉलेजवाल्यांना बोलावून कानउघाडणी केली, आणि त्यातून १९०६ मध्ये ही संस्था उभी राहिली. खेळाडू हौशी असला पाहिजे, हा तिचा पाया. पुढे १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन नावाचा फुटबॉलपटू डोक्याला मार बसून गेला. त्याच्या बायकोने कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही आणि तो कॉलेजचा नोकर नव्हता. 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द एनसीएएने त्याच काळात घडवला, तो अशा दाव्यांना तोंड द्यायला. आजही आमच्या कचेरीत कोणी नुसतं 'खेळाडू' लिहिलं की वकील दुरुस्त करून 'विद्यार्थी-खेळाडू' करतात. पुढचं सगळं भांडण त्या एका जोडचिन्हात आहे असं माझं मत आहे.

मी कामाला लागले त्या काळातले नियम ऐकाल तर हसाल. खेळाडूंना मधल्या वेळचं खाणं म्हणून फळं, दाणे आणि बेगल, म्हणजे तो गोल भोकाचा पाव, देता यायचा. पण बेगलवर क्रीम चीज फासलं की ते 'जेवण' व्हायचं आणि नियमभंग लागायचा. मी स्वतः टेबलावरून चीजच्या डब्या उचलून नेल्या आहेत. एका गणेशोत्सवात इथल्या एका मराठी कुटुंबाने आमच्या संघातल्या भारतीय मुलीला जेवायला बोलावलं. काकांनी क्रीडा विभागाला देणगी दिलेली, त्यामुळे नियमाच्या भाषेत ते 'बूस्टर'. मला लेखी उत्तर द्यावं लागलं: क्वचित प्रसंगी चालेल, जेवण त्यांच्या घरीच हवं, हॉटेलात नको, घरी जेवण असेल तर गाडीने नेणं-आणणं चालेल. मोदक किती खावेत यावर नियम नव्हता, एवढी कृपा. त्याच वर्षी आमच्या फुटबॉल कोचचा पगार वाढला, ती वाढच माझ्या अख्ख्या कचेरीच्या पगारांपेक्षा मोठी होती. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. इथे चाखणारे वेगळे होते आणि राखायला आम्ही.

२०१४ च्या एप्रिलमध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या शबाझ नेपियरने राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा जिंकली आणि त्याच दिवसांत पत्रकारांना सांगितलं की काही रात्री आपण उपाशी झोपतो. स्पर्धेचे टीव्ही-हक्क अब्जावधींना विकले जात होते. त्याच महिन्यात जेवणावरची बंधनं उठली. माझ्या चीजच्या डब्या टेबलावर परतल्या.

मग कोर्टाने एकेक वीट काढायला सुरुवात केली. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा जुना बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने आपली छबी व्हिडिओ गेममध्ये फुकट वापरली म्हणून २००९ मध्ये दावा लावला, २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडूने स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमावले तर कॉलेज त्याला शिक्षा करू शकत नाही. २१ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. प्रश्न शिक्षणाशी संबंधित लाभांपुरताच होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं लिहून बजावलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. त्यानंतर दहा दिवसांत, १ जुलैला, नाव-छबी-ओळख विकण्याची मुभा देशभर मिळाली. यालाच इथे 'एनआयएल' म्हणतात. आणि ६ जून २०२५ ला त्याच विल्कनबाईंनी खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या 'हाउस' खटल्याच्या तडजोडीवर सही केली. हाउस हे ग्रँट हाउस या ॲरिझोना स्टेटच्या जलतरणपटूचं आडनाव, घराशी काही संबंध नाही. माझ्या आईने फोनवर तोच अर्थ लावला होता. या तडजोडीत जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई ठरली, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची वाट मोकळी झाली. तुमच्या गृहस्थांचे दोन कोटी ते हे.

आता हिशोब करू. पहिली गोष्ट, २ कोटी ५ लाख ही कमाल मर्यादा आहे. तेवढे दिलेच पाहिजेत असं कुठेही नाही. मोठ्या कॉन्फरन्समधली विद्यापीठं त्या मर्यादेच्या आसपास जातात, इतर बरीच मागे राहतात. दुसरी गोष्ट, वाटप कसं करायचं हे विद्यापीठच ठरवतं. जुन्या भरपाईचं सूत्र ढोबळ मानाने असं आहे: ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुष बास्केटबॉल, ५ टक्के महिला बास्केटबॉल आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळे. पुढच्या वाटपालाही अनेकांनी हेच माप लावलं. पूर्ण मर्यादा धरली तरी ५ टक्के म्हणजे साधारण दहा लाख डॉलर. आमच्यासारख्या विद्यापीठात 'बाकी सगळे' म्हणजे वीसेक खेळ आणि पाचशेच्या आसपास मुलं-मुली. समान वाटलं तर डोक्यामागे दोन हजार डॉलर वर्षाला. आणि समान कोणी वाटत नाही. शिवाय नव्याने वाढवलेल्या स्कॉलरशिपांपैकी २५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम याच मर्यादेत धरली जाते. म्हणजे टेनिसच्या मुलीला जादा दिलेली स्कॉलरशिप हाच अनेकदा तिचा 'वाटा' असतो. माझ्या पाहण्यात टेनिस खेळणाऱ्या एकाही मुलीला त्यावर रोख रक्कम मिळालेली नाही. कुठे मिळत असेलही, पण त्या भरवशावर चार वर्षांची फी ठरवू नका.

तुमच्या ६० टक्क्यांचं मूळही याच बदलात असू शकतं. पूर्वी पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या स्तरात, महिला टेनिसला आठ स्कॉलरशिप होत्या आणि त्या डोक्यावर मोजल्या जायच्या. एका मुलीला अर्धी दिली तरी आठातली एक जागा गेलीच, म्हणून कोच पूर्णच द्यायचे. पुरुषांना साडेचार, ती तुकडे करून वाटता यायची, म्हणून मुलांना पाव-अर्धी मिळायची. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, अर्जुन काढे ओक्लाहोमा स्टेटकडून. ते दिवस या जुन्या चौकटीतले. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत आता स्कॉलरशिपांची मर्यादा गेली, त्याऐवजी संघातल्या जागांची मर्यादा आली. टेनिसला दहा. दहाच्या दहा जणींना पूर्ण देता येते, आणि दहा जणींना थोडी थोडीही देता येते. कागदावर हे मुलींच्या फायद्याचं दिसतं. बजेट वाढलं नसेल तर मात्र पूर्वी जी पूर्ण मिळायची ती आता ६० टक्क्यांवर येते. कोचला स्पष्ट विचारा, "दहापैकी किती जणी पूर्ण स्कॉलरशिपवर आहेत?" चांगला कोच आकडा सांगतो. "आम्ही प्रत्येकीचा वेगळा विचार करतो" असं उत्तर आलं तर काय समजायचं ते समजा.

जागांच्या मर्यादेची दुसरी बाजू मी २०२५ च्या वसंतात पाहिली. तडजोडीला मंजुरी मिळण्याआधीच विद्यापीठांनी याद्या छाटायला घेतल्या. आमच्याकडच्या एका संघाची यादी माझ्या संगणकावर उघडी होती, नावांसमोर पिवळा रंग म्हणजे राहणार, राखाडी म्हणजे जाणार. राखाडीतली एक मुलगी बाहेर व्हरांड्यात भेटली आणि तिने मला पुढच्या हंगामाच्या फॉर्मबद्दल विचारलं. तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. नंतर विल्कनबाईंनी अशा काढलेल्या खेळाडूंना मर्यादेबाहेर परत घेता येईल अशी दुरुस्ती करायला लावली, पण 'घेता येईल' आणि 'घेतलंच पाहिजे' यात फरक असतो. ती मुलगी परतली नाही.

काही ठिकाणी तर खेळच बंद झाला. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये पोहण्याचा कार्यक्रम बंद केला आणि कारणांत याच तडजोडीचं नाव घेतलं. फुटबॉलच्या वरच्या गटातल्या विद्यापीठाला किमान सोळा खेळ चालवावेच लागतात. म्हणून मी पालकांना सांगते, आधी मोजा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर किती खेळ आहेत ते बघा. बावीस असतील तर सहा खेळांची मान सुरीखाली येऊ शकते. सोळाच असतील तर छाटायला जागा नाही. हा नियम नव्हे, माझा अनुभवी अंदाज. पण पैसे लागत नाहीत मोजायला.

आता व्हिसा. मुलगी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणार. त्यावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला वीस तास काम करता येतं. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय कमाई करता येत नाही. इन्स्टाग्रामवर रॅकेट हातात धरून पैसे घेणं हे 'काम' आहे का? अमेरिकन मुलीसाठी तो प्रश्नच येत नाही. परदेशी मुलीसाठी येतो, आणि चूक झाली तर दंडावर भागत नाही, व्हिसाचा दर्जा जातो. आमच्या एका परदेशी टेनिसपटूला स्थानिक दुकानाने एका पोस्टचे ३०० डॉलर देऊ केले. ती आनंदाने माझ्याकडे आली. मी तिला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात नेलं. तिथल्या बाईंनी पाच मिनिटं काही न बोलता फाइल वाचली आणि म्हणाल्या, "याच्यासाठी डिग्री पणाला लावायची आहे का?" विषय संपला. विद्यापीठाकडून थेट येणाऱ्या वाट्याबाबतही आमचे वकील परदेशी खेळाडूचं नाव आलं की फाइल बाजूला काढून ठेवतात.

पळवाट एक आहे आणि ती अमेरिकेबाहेरून जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ बहामाजला खेळायला गेला, तेव्हा काँगोच्या ऑस्कर शीब्वेने जाहिरातींची कामं तिथेच उरकून घेतली, कारण तो अमेरिकेच्या भूमीवर नव्हता. त्याच न्यायाने तुमची मुलगी सुट्टीत पुण्यात येऊन लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानासाठी फोटो काढून गेली तर ते बरंच सुरक्षित. पण करार आधी विद्यापीठाच्या वकिलांना दाखवायचा, आणि तो ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर ठरलेल्या यंत्रणेकडे नोंदवायचा. आणि लक्ष्मी रोडवरून वर्षाला फीचे ४० टक्के निघत असतील तर मला कळवा, मीही येते. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदासाठी, पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते, तिथे ही अशी होऊ घातलेली कमाई धरत नाहीत. बँकेतला पैसा किंवा कर्जाचं पत्रच लागतं.

जाता जाता कर, कारण पूर्ण स्कॉलरशिप म्हटली की लोक ते विसरतात. शिकवणी फी, सक्तीचे शुल्क, पुस्तकं यांपुरती स्कॉलरशिप करमुक्त. राहणं-जेवण यासाठीचा भाग करपात्र, आणि एफ-१ वाल्यांच्या त्या भागातून १४ टक्के आधीच कापतात. राहणं-जेवण १४,००० डॉलर असेल तर १,९६० डॉलर गेले. पण भारत-अमेरिका कर-करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट मागता येते; ही सवलत इतर बहुतेक देशांच्या मुलांना नाही. २०२४ सालासाठी ती १४,६०० डॉलर होती. दुसरं उत्पन्न नसेल तर कापलेला पैसा विवरणपत्र भरून परत येतो. दर वर्षी दोन-तीन भारतीय मुलं ते भरतच नाहीत आणि पैसे सोडून देतात.

तर इथवर निघतं ते असं: पगार मिळू शकतो पण टेनिसच्या परदेशी मुलीला तो मिळेल असं धरू नये, आणि तिच्यासाठी खरा मोबदला स्कॉलरशिपच्या पत्रात आहे. आता कायद्याचं बघू.

कायदा येणार का, याचं उत्तर मला 'कशासाठी येणार' इथून द्यावं लागेल. एनसीएए कोर्टात सारखी का हरते? एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांनी एकत्र बसून मजुरीचा भाव ठरवला तर मक्तेदारीविरोधी कायद्याने ते गैर आहे. उसाच्या कारखान्यांनी मिळून दर पाडल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. १९८४ मध्ये टीव्ही-हक्कांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, २०२१ मध्ये पुन्हा. आणि ही २ कोटी ५ लाखांची मर्यादा? तीही वरूनच ठरलेला भाव आहे, फक्त तडजोडीचं छत्र डोक्यावर आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्येही पगाराला मर्यादा असते आणि ती टिकते, कारण ती खेळाडूंच्या युनियनशी बोलून ठरलेली असते. कॉलेजात युनियन नाही, कारण युनियन करायला आधी नोकर असावं लागतं, आणि तो शब्द उच्चारायला कोणी तयार नाही.

प्रयत्न झाले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये युनियनसाठी अर्ज केला. केंद्रीय कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने त्यांना नोकर मानलं, खुद्द मंडळाने २०१५ मध्ये प्रकरणात पडायलाच नकार दिला. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन निवडली, आणि वर्ष संपताना मंडळाची माणसं बदलणार हे दिसल्यावर अर्ज मागे घेतला. जुलै २०२४ मध्ये एका केंद्रीय अपील कोर्टाने जॉन्सन खटल्यात म्हटलं की कॉलेज खेळाडू वेतन कायद्याखाली नोकर ठरू शकतात. घोंगडं तिथेच भिजत पडलंय.

विद्यापीठं आणि एनसीएए आता वॉशिंग्टनला जाऊन बसली आहेत. जुलै २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात 'स्कोर' नावाचं विधेयक आलं. त्यात तीन मोठ्या मागण्या: मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण द्या, राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांच्या वर एकच केंद्रीय कायदा ठेवा, आणि खेळाडू नोकर नाहीत हे लिहून टाका. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कॉलेज खेळ वाचवण्याच्या नावाने एक आदेशही काढला. डिसेंबर २०२५ मध्ये विधेयक मतदानाच्या तोंडावर येऊन मागे घेतलं गेलं.

माझे सहकारी या विधेयकाकडे डोळे लावून बसलेत, आणि मला त्यांचं दुःख कळतं. पन्नास राज्यांचे पन्नास नियम सांभाळत मीही रात्री जागले आहे. तरी मला ते पटत नाही. ज्यांनी बेगलवर चीज फासू दिलं नाही त्यांनाच पुन्हा भाव ठरवायचा हक्क द्यायचा, आणि खेळाडूंना टेबलावर खुर्ची मात्र नाही? टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये फुटबॉल कोचला काढलं आणि उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं अंगावर घेतलं. पैसा नाही, हे कारण त्यानंतर कोणी सांगू नये.

पण मी बसून 'त्यांना नोकर म्हणा' एवढं बोलून मोकळी होणार नाही, कारण तुमच्या मुलीसारख्या मुलीला त्याचा फटका बसू शकतो. नोकर ठरली तर स्कॉलरशिपचा किती भाग पगार मानून कर लागेल, हा प्रश्न येतो. दुसरं, ती वीस तासांची अट. एनसीएएच्या नियमानेही हंगामात आठवड्याला वीस तासच सराव मोजतात, पण सामन्याचा अख्खा दिवस आम्ही वहीत तीन तास म्हणून लिहितो, मग दुहेरीपासून एकेरीपर्यंत साडेचार तास कोर्टवर का जाईनात. बसचा प्रवास धरतच नाहीत. हे तास खरे मोजले तर ते वीसच्या पुढे जातात, आणि व्हिसाच्या नियमाने परदेशी मुलगी सत्रात वीसच्या पुढे काम करू शकत नाही. लायब्ररीतली नोकरी तर गेलीच. शिवाय नॉर्थ कॅरोलिनासारख्या राज्यात सरकारी नोकरांना सामूहिक करार करायलाच बंदी आहे, मग तिथल्या सरकारी विद्यापीठातल्या खेळाडूने काय करायचं? फुटबॉल आणि बास्केटबॉलपुरती वेगळी चूल मांडावी आणि बाकी खेळ विद्यार्थ्यांचे राहू द्यावेत, असं मला वाटतं. त्यात मुलींच्या समान संधीचा १९७२ चा टायटल नाइन कायदा आडवा येतो, आणि यायलाच हवा. भरपाईच्या वाटपावर त्याच कायद्याचं बोट धरून काही महिला खेळाडूंनी लगेच अपील केलं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कायदा आला तरी तुमच्या मुलीचं बंद पडण्यासारखं फारसं काही नाही, कारण तिला त्यातलं मिळणारच फार थोडं होतं. स्कॉलरशिप त्याने जाणार नाही.

राहता राहिली निवड. लहान विद्यापीठाच्या पूर्ण खर्चाकडे मी झुकते, पण आंधळेपणाने नाही. दोन्हीकडचं स्कॉलरशिपचं पत्र मागवा. कोचचा व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे पत्र नव्हे. पत्रात मुदत बघा: एक वर्ष की चार. ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळ खराब झाला म्हणून स्कॉलरशिप कापता येत नाही, आणि खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सोडल्यावरही किमान दोन वर्षं विद्यापीठाला द्यावा लागतो. लहान विद्यापीठ दुसऱ्या डिव्हिजनचं असेल तर हे संरक्षण गृहीत धरू नका, लेखी विचारा. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरेंच्या गटात) खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, तिथून कोणी 'टेनिस स्कॉलरशिप' म्हणत असेल तर कागद दोनदा वाचा. मोठ्या विद्यापीठाने दुसऱ्या वर्षापासून ६० चे ८० करतो असं तोंडी सांगितलं असेल तर ते पत्रात लिहून मागा.

आणि बक्षिसाच्या रकमेबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, ते ओझरतं ठेवू नका. वर्षानुवर्षं नियम असा होता की कॉलेजात पूर्णवेळ दाखल होण्याआधी टेनिसपटूने वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत बक्षीस घेतलं तर चालायचं, त्यापुढे फक्त त्या स्पर्धेच्या खर्चाइतकं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या टेनिसपटू रीस ब्रँटमायरला यूएस ओपनच्या बक्षिसावरून याच नियमाचा त्रास झाला आणि तिने २०२४ मध्ये एनसीएएला कोर्टात खेचलं. तुमच्या मुलीच्या छोट्या स्पर्धांची रक्कम त्याच्या जवळपासही जाणार नाही. तरी प्रत्येक स्पर्धेचं तिकीट, हॉटेलचं बिल, एन्ट्री फीची पावती आणि बक्षिसाची नोंद एका फायलीत लावून ठेवा. पात्रता तपासताना माझ्यासारखी कोणीतरी ती मागणार आहे, आणि तेव्हा तीन वर्षांपूर्वीच्या बसच्या तिकिटासाठी घर उलथंपालथं करायला लागतं.

दोन्ही पत्रं आली की नाव आणि पत्ता झाकून त्यातला मजकूर इथे टाका. मी आधी नूतनीकरणाची अट वाचते, रक्कम नंतर.